अण्णा, त्या रबराच्या तुकड्यासाठी

अण्णा,

तुमच्या रबर-पॅकिंगच्या दुकानात येऊन तोंडानं आभार मानायला गेलो तर तुम्ही "बसा की ओ, चहा सांगतो" म्हणून विषयच बदलता, मागच्या वेळी तेच झालं. म्हणून इथं लिहितोय, तुमचा मुलगा वाचून दाखवंल.

आमची पोकलेन १९९८ ची. वडिलांनी कर्ज काढून सेकंडहँड घेतलेली, ती चालली तर घर चालतं. मे महिन्यात मंद्रूपकडं शेततळ्याचं काम अर्ध्यावर असताना बकेटला जोर येईना, पंप रडायला लागला, टाकीत बघितलं तर तेलाला ताकासारखा फेस, आणि रात्री मशीन बंद करून ठेवली की सकाळी खाली तेलाचं डबकं. शेतकऱ्याचे दिवसातून चार फोन, पाऊस तोंडावर, आणि वर ते सोलापूरचं मे महिन्याचं ऊन.

तुमच्याकडं यायच्या आधी तिघांना दाखवून झालं होतं, नावं घेत नाही. पहिल्यानं ट्रकच्या ट्यूबचं रबर कापून पॅकिंग बसवलं, ते आठ दिवसात तेल पिऊन लिबलिबीत झालं. दुसऱ्यानं सिलिकॉन थापलं, इतकं थापलं की आतल्या बाजूला आलेल्या त्याच्या दोऱ्या तुटून तेलाबरोबर पंपाकडं जायला लागल्या, म्हणजे एक दुखणं होतं त्याची दोन झाली. तिसऱ्यानं तर एक बोल्टसुद्धा न खोलता पंप गेला म्हणून सांगितलं आणि आकडा लाखाच्या वर. त्या रात्री मी मशीन विकायचा विचार केला होता अण्णा, हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

तुम्ही पहिलं काय विचारलं तर तेल कुठलं टाकता. तिघांपैकी एकानंही हे विचारलं नव्हतं. मी म्हणलं ६८ नंबर, साधं हायड्रॉलिक. मग विचारलं, गळतं ते चालू असताना का बंद असताना? बंद असताना म्हणल्यावर तुम्ही लगेच म्हणला की टाकी वर आहे, पंप खाली आहे, बंद असताना तेल त्या फटीतनं बाहेर येतं आणि चालू केलं की त्याच फटीतनं हवा आत ओढली जाते, फेस त्याचाच, रडणं पण त्याचंच, आधी सक्शनच्या फ्लँजचं, म्हणजे टाकीतनं पंपाकडं तेल येतं त्या पाइपच्या जोडाचं, पॅकिंग बघा. दुसऱ्या दिवशी मी फ्लँजच खोलून आणला. तुम्ही त्याच्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणला, गंजून खड्डे पडलेत, कडक फायबर शीट हे खड्डे भरणार नाही, इथं प्रेशर नाही म्हणून २ मिलीमीटर जाडीचं नायट्राईल, म्हणजे तेलात न फुगणारं रबर चालंल, पण पंपाच्या पुढच्या प्रेशर लाईनला असलं काही लावू नका, तिथं ९० शोरची, म्हणजे कडक रबराची ओ-रिंग आणि तिच्या मागं टेफ्लॉनची बॅकअप रिंग. मी व्हायटॉन, ते जास्त उष्णता झेलणारं रबर, मागत होतो, महाग तेच चांगलं असं डोक्यात भरलेलं. तुम्ही दिलं नाही. टाकीतलं तेल ८० डिग्रीच्या वर जायला लागलं तर मशीनच थांबवायची असते, नायट्राईल १०० पर्यंत झेलतं, उगं पैसे कशाला घालवता म्हणला.

पण मला लिहायचंय ते ह्याच्या पुढचं.

शीट घेतली, पैसे दिले, निघालो तर तुम्ही मशीनचं थोडं तेल मागितलं. डब्यात होतं ते दिलं आणि विसरलो. पहाटे सहाला तुमचा फोन, "ओ मालक, पॅकिंग बसवलं काय? बसवू नका." तुम्ही त्याच रोलचा एक तुकडा व्हर्नियर लावून मोजून रात्री स्टीलच्या ग्लासात माझ्या तेलात बुडवून, ग्लास गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला होता. सकाळी २ मिलीचा तुकडा तेल पिऊन अडीचच्या पुढं फुगलेला. दुसऱ्या ग्लासात जुन्या रोलचा तुकडा, तो जसाच्या तसा. रोल नवा होता, नायट्राईल म्हणूनच तुमच्याकडं आलेला, तुमची काही चूक नव्हती. माल विकून झाला होता, पैसे गल्ल्यात होते. पॅकिंग महिन्यानं फुगलं असतं तर मी फिटरला शिव्या दिल्या असत्या, तुमच्यापर्यंत कोण आलं असतं? तरी तुम्ही रात्री घरी जाऊन दोन ग्लास मांडून बसला, आणि दुकान उघडायची वाट न बघता फोन केला. फोन ठेवल्यावर मी तसाच मशीनच्या ट्रॅकवर बसून राहिलो, डोळे भरून आले होते.

माझे आजोबा यंत्रमागावर होते. ते म्हणायचे चादर घेताना उलटी बाजू बघायची, सुलटी तर सगळेच दाखवतात. मला त्या सकाळी ते आठवलं.

आणि माझा पुतण्या फ्लँजवर चिकटून राहिलेलं जुनं पॅकिंग खरवडून कॉम्प्रेसरची हवा मारणार होता, तेव्हा तुम्ही फोनवर ओरडला, तेही विसरलो नाही. जुन्या मशीनच्या शीटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेल लावून ओलं करून काढा, धूळ छातीत जाऊ देऊ नका म्हणला. बिलात ह्याचे पैसे कुठं लावणार होता तुम्ही?

तुमच्या जुन्या रोलचं पॅकिंग बसवलं, सांगितलं तसं बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, रबर पिळून बाहेर येऊ दिलं नाही. मंद्रूपचं शेततळं पावसाच्या आधी पूर्ण झालं, त्यानंतर अजून तीन झाली. रोज सकाळी मशीनखाली वाकून बघायची सवय काही जात नाही. माती कोरडी असते.

तो फुगलेला तुकडा तुमच्याकडनं मागून घेतला होता, केबिनमध्ये ठेवलाय. कुणी नवा फिटर कुठलं तरी रबर घेऊन आला की आधी तो हातात देतो, मग बोलतो.

रविवारी दुकानावर येतोय. आईनं शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवलीय. चहा नंतर, आधी ते घ्यायचं, आणि नको म्हणायचं नाही.

तुमचा,
मंद्रूपचा पोकलेनवाला