लंब्या, सॅक सगळ्यात शेवटी घे

वडगाव, बेळगाव
मंगळवार, रात्री

प्रिय लंब्या,

ट्रेकसाठी घ्यायच्या सॅकचे फोटो बघितले. ७० लिटर, पाठीमागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, खिसे तर मोजता मोजता कंटाळा आला. "पैसे भरून टाकू का?" असं विचारलंयस. नको भरूस. थांब जरा. फोनवर सांगायला गेलं की तू मधेच "होय होय, कळलं" म्हणतोस, म्हणून लिहूनच काढतोय.

सॅक सगळ्यात शेवटी घ्यायची असते गड्या. आधी काय न्यायचं ते ठरवायचं, त्याचं वजन करायचं, त्यातलं बरंचसं घरी ठेवायचं, आणि उरेल ते ज्यात मावेल ती सॅक घ्यायची. सगळे उलटं करतात. एकदा का मोठी सॅक घरात आली की तिच्यातली रिकामी जागा कुणाला बघवत नाही. आई म्हणणार, "एवढी जागा आहे तर शाल घाल की." मग शाल जाते, शालीमागून दुसरी चादर जाते, आणि दुसऱ्या चादरीमागून कुंद्याचा डबा.

आपलं काय ठरलंय ते आठव. चंदगडचे चार गड, तीन दिवस. महिपाळगड, गंधर्वगड, कलानिधीगड, मग मधला टप्पा एसटीने मारून शेवटी पारगड. यातल्या तीन गडांवर माणसं राहतात. पारगड महाराजांनी तान्हाजींच्या रायबाकडे दिला असं सांगतात, आणि मालुसऱ्यांची घरं तिथं अजून आहेत. म्हणजे रात्री डोक्यावर छप्पर मिळतं, सांगून ठेवलं तर गरम भाकरी-आमटीही मिळते. कलानिधीगडावर तेवढी वस्ती नाही, पण आपण त्या रात्री खाली कलिवड्यात असू. तेव्हा तंबू नको, स्टोव्ह नको, गॅस नको, भांडी नकोत. दोघांचा साधा तंबू सहसा अडीच किलोच्या आत येत नाही. हे सगळं वगळलं की ७० लिटरचं काम काय उरलं? ४५ पुरे. ५० म्हणजे चैन.

आता वजन. शनिवारी सगळं सामान पिशवीत भरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक वस्तू ठेव. तो हसेल, हसू दे. प्रत्येक वस्तूचं वजन वहीत लिही. जीन्स घेऊन जाणारच असशील तर तीही ठेव काट्यावर. कोरडी जीन्स सहाशे-सातशे ग्रॅमची भरते, भिजली की विचारू नकोस, आणि दोन दिवस वाळत नाही. तिच्याऐवजी पातळ ट्रॅक पँट तीनशेच्या आत येते. तुझी ती लाडकी स्टीलची थर्मास बाटली रिकामीच जवळजवळ अर्धा किलो आहे. बिसलेरीची रिकामी बाटली चाळीस ग्रॅमच्या आत. पाणी दोन्हींत तेवढंच मावतं, एका लिटरला एक किलो, त्यात कुणाला सवलत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक चारशे ग्रॅमच्या आसपास जाते, १०,००० ची निम्मी. दोघांत एकच दहावाली नेऊ. रात्री गावात वीज आहेच.

एकेक वस्तू बघताना वाटतं, शंभर-दोनशे ग्रॅमनं काय होतंय? अशा दहा वस्तू म्हणजे दीड किलो, आणि तो दीड किलो पारगडच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यात मोजायचा असतो.

माझा हिशोब सांगतो. सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग सव्वा, मॅट अडीचशे-साडेतीनशे ग्रॅम, अंगावरचे सोडून कपडे सव्वा, बाकी टॉर्च-औषधं-दोरी-साबण मिळून एक. झाले साडेपाचच्या आत. त्यावर दोन लिटर पाणी आणि दीड किलो खाणं, म्हणजे नऊ. शरीराच्या वजनाचा पाचवा हिस्सा ही वरची हद्द म्हणतात. तुझे सत्तर किलो धरले तर चौदा होतात, पण ती हद्द आहे, तिथवर जाऊन शिवून यायची गरज नाही. तुझ्या त्या ७० लिटरवालीचं नुसतं रिकामं वजनच अडीच किलोच्या घरात असणार, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघ.

खाण्यात एकच बघायचं: ओलं नको, कोरडं आणि तेलकट पाहिजे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेवढ्याच पोह्यांत साडेतीनशे. म्हणून चिक्की, काजू, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. सफरचंदं, काकड्या म्हणजे साल लावलेलं पाणी, ती वाटेत गावात खाऊ. काजू तर चंदगडातच मिळतात, इथून वाहून न्यायचं कारण नाही. कुंदा मात्र खरंच नको. जाऊन आल्यावर खाऊ, पोटभर.

आता माप. इथं तुझ्या उंचीचा काही उपयोग नाही, राग मानू नकोस. सॅक उंचीवर घेत नाहीत, पाठीवर घेतात. तू सहा फूट आहेस, पण त्यातले निम्म्याहून जास्त पाय आहेत. माझी आणि तुझी पाठ जवळजवळ एकच भरेल. वहिनींना टेप घेऊन उभं कर. मान खाली घाल, मानेच्या मुळाशी जे हाड टचकन वर येतं तिथून टेप सुरू करायचा. मग दोन्ही हात कमरेवर ठेव, अंगठे मागे. कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा बोटांना लागला पाहिजे. दोन अंगठे जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथं छेदते, तिथवर मोजायचं. तेवढे सेंटीमीटर लिहून ठेव आणि कंपनीच्या तक्त्यात बघ. पाठ खालीवर करता येणारी मिळाली तर उत्तमच. ब्रँड कुठला का असेना.

दुसरं बघायचं ते कमरेचा पट्टा. खिसे नव्हे, रंग नव्हे, पट्टा. बऱ्याच सॅकना नुसती दोन बोटं रुंदीची नवार लावलेली असते, ती सॅक हलू नये म्हणून; ओझं तिच्यावर येत नाही. गादी भरलेला, जाड, कमरेच्या हाडावर बसणारा पट्टा पाहिजे. ओझ्याचा मोठा भाग कमरेवर गेला पाहिजे, खांद्यांनी फक्त सॅक पाठीशी धरून ठेवायची.

सॅक आली की तिच्यात दहा किलो तांदूळ घाल. बासमती घाल नाहीतर रेशनचा, पाठीला फरक कळत नाही. आधी सगळे पट्टे सैल कर. सॅक पाठीवर घे, थोडं वाकून ती वर उचल, कमरेचा पट्टा हाडावर बसव आणि आवळ. मग खांद्यांचे पट्टे ओढ, पण करकचून नव्हे. मग खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे ते बारीक पट्टे थोडे घे, आणि शेवटी छातीवरचा, श्वास मोकळा राहील एवढाच. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघ. सहज गेली तर ओझं कमरेवर बसलंय. तसाच घराचे जिने अर्धा तास चढ-उतर कर, लेबल न काढता. कुठं काचलं तर परत पाठव, तांदूळ डब्यात परत.

भरण्याचं तंत्र तुला उसाच्या ट्रॉलीवरून लगेच कळेल. मागे जास्त ओढ बसली की ट्रॅक्टरचं तोंड कसं वर उचलतं, हंगामात रोज बघितलंयस. पाठीपासून लांब जड वस्तू ठेवलीस की तेच होतं. सॅक मागे ओढते, तू पुढे वाकतोस, आणि संध्याकाळी कंबर धरते. म्हणून स्लीपिंग बॅग तळाला, जड ते सगळं पाठीला चिकटून मधोमध, हलकं बाहेरच्या बाजूला. बाहेर काही लोंबकळत ठेवायचं नाही. ते कप, टमरेल, चपला असलं टांगून चालणारे लोक फोटोत छान दिसतात, रानात चार पावलांवर करवंदीच्या जाळीत अडकतात.

पावसाचं आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जांबोटी-कणकुंबीकडे जाऊया म्हणशीलच. रेनकव्हरवर विसंबू नकोस. पाऊस कव्हर आणि पाठ यांच्या मधून आत जातो, वाऱ्यात कव्हरच उडतं. साखरेच्या पोत्याच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते ती मिळव, सॅकच्या आत घाल, सगळं त्यात भर, तोंड पिळून दुमड. फुकटात काम होतं. भीमगडाच्या रानात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, ते अभयारण्य आहे.

हिमालयाचं म्हणत होतास, त्यासाठीही ७० नको. तिथल्या नेहमीच्या ट्रेकवर तंबू आणि शिधा खेचरांवर किंवा पोर्टरच्या पाठीवर जातो, आपल्याकडे आपले कपडे. जाड जॅकेट धरूनही ५०-५५ मध्ये भागतं.

तारखेचं म्हणशील तर एक नोव्हेंबरच्या, म्हणजे सीमाभागातल्या काळ्या दिवसाच्या, आसपास नको, आणि डिसेंबरात इथलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असताना नको. सीमेवर काही पेटलं की पहिल्या एसट्या बंद होतात, आणि आपण शिनोळीच्या फाट्यावर सॅका घेऊन उभे. जानेवारी बरा. थंडी असते, आकाश स्वच्छ असतं.

तेव्हा शनिवारी काटा, रविवारी वहीचा फोटो मला पाठव. मी लाल पेनने खोडतो, भांडायचं असेल तर तेव्हाच भांड. औषधं, दोरी, पॉवर बँक दोघांत एकेक. टॉर्च मात्र तुझी तू आण, नवे सेल घालून. तिथं ग्रॅम मोजायचे नाहीत.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बुटक्या