चित्राखालच्या कोब्याबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रोमन मोझॅकवरचा, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे जोडून केलेल्या चित्रांवरचा लेख दोनदा वाचला. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन शहरातल्या ‘फॉनच्या घरा’त १८३१ साली सापडलेलं सिकंदर नि इराणचा राजा दारियस यांच्या लढाईचं चित्र मोठं छापलंत, त्याबद्दल आभार. पण लेखात घरमालक आले, सम्राट आले. जमिनीवर उकिडवे बसून तुकडे जोडणारे कुठेच आले नाहीत. माझा जन्म फरशी बसवण्यात गेला, म्हणून हे फार लागलं.

त्या एका चित्रात १५ लाखांच्या आसपास तुकडे असावेत, असा अंदाज आहे. रंग मुख्यतः चारच: पांढरा, पिवळा, तांबडा, काळा. तेवढ्यात खाली पडलेल्या इराणी सैनिकाचा चेहरा ढालीत उमटलेला दाखवलाय. असा हात हजारात एखाद्याचा.

चित्राखालच्या थरांचं मला त्याहून कौतुक आहे. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सगळी रीत लिहून ठेवली. आधी मुठीएवढे दगड. त्यावर तीन भाग दगडाचा चुरा नि एक भाग चुना. माणसांच्या टोळीने लाकडी धुमसांनी ठोकून तो थर पाऊण फुटाहून कमी भरता कामा नये. मग तीन भाग खापराची पूड, एक भाग चुना, सहा बोटं जाड. त्यावर तुकडे, शेवटी घासकाम. माझे वडील चुन्याचा कोबा जवळपास याच क्रमाने करत: सोलिंग (दगडांचा थर), चुना-खडी, सुरखी (विटांची पूड). धुमस कमी पडला की वरचं काम कितीही देखणं असो, फरशी पोकळ वाजायला लागते. सिकंदराचं चित्र घर गाडलं जाण्याआधी दीडशेहून अधिक वर्षं जमिनीवर होतं. ते अशा पक्क्या थरांच्या जिवावर.

आता मजुरी. इ. स. ३०१ मध्ये डायोक्लेशन या रोमन बादशहाने कामांचे कमाल दर ठरवून दिले. जेवण देऊन रोजचे, माणसांची चित्रं काढणाऱ्याला १५० दिनारियस (रोमन नाणं), भिंतीवर मोझॅक करणाऱ्याला ६०, जमिनीवर करणाऱ्याला ५०. सुतारालाही ५०च. चित्रं नि मोझॅक करणाऱ्या या तिघांत गुडघे झिजवणाऱ्याला सगळ्यात कमी! वाचून वाईट वाटलं, नवल वाटलं नाही.

या कारागिरांची नावं फार थोडी उरली. सामोस बेटावरच्या डायोस्कुरिडीसने पाँपेईत सापडलेल्या, रस्त्यावरचे वादक दाखवणाऱ्या चित्रात आपलं नाव नि गाव तुकड्यांनीच लिहून ठेवलं. ते चित्र आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्याला लेखात एक ओळ तरी मिळायला हवी होती.

आमच्याकडे गवंडीकाम शिकणारी मुलं तुमची पुरवणी वाचतात. त्यांच्यासाठी पुढच्या भागात या थरांचा उभा छेद मापांसकट काढून छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फरशी कारागीर, सांगली