कुळागर गहाण टाकू नका

पणजी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल बाबा म्हणाले, "दादाच्या चिमूच्या इंजिनिअरिंगसाठी कुळागर, पोफळींची ही सगळी बाग, गहाण टाकतो." रात्रभर डोळा लागला नाही. फोनवर बोलायला गेले की गळा दाटून येतो, म्हणून लिहिते.

माझ्या वेळी आईच्या पाटल्या गेल्या. शिष्यवृत्तीचा फॉर्म मी भरला होता, गुणही होते. पण दहावीच्या सर्टिफिकेटवर आपल्या आडनावाचं स्पेलिंग एक आणि पासबुकावर दुसरं. अर्ज परत आला, दुरुस्त करेपर्यंत मुदत संपली. आई, तू एका शब्दाने बोलली नाहीस. रिकामे हात पदराखाली घेऊन बसलेली तू मला अजून दिसतेस.

चिमूच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही. केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीईची) 'प्रगती' शिष्यवृत्ती खास मुलींसाठी आहे. वर्षाला ५०,००० रुपये. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं. २०१८ साली खाणी बंद पडल्यापासून दादाची कमाई त्याच्या जवळपासही गेलेली नाही. चिमू फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे अर्ज याच वर्षी करायला हवा. पुढे ती पास होत गेली की दरवर्षी नूतनीकरण करायचं, तेही न विसरता. वहिनी म्हणते तशी केंद्राची १२,००० रुपयांचीही आहे, पण दोन्ही एकदम घेता येत नाहीत. मी 'प्रगती'च धरीन.

उरलेल्या खर्चासाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे. बाबा, कर्ज म्हटलं की तुम्हाला दादाचा खाणीवरचा ट्रक आठवतो, मला ठाऊक आहे. ट्रक अंगणात उभा आणि बँकेचं व्याज मात्र धावतंय, ती वर्षं आपण सगळ्यांनी काढली. इथे व्याजच नाही. घेतलं तेवढंच फेडायचं. चिमू फेडील, तिला जड गेलं तर मी आहे.

दादाला डिचोलीला मामलेदार कचेरीत पाठवा. उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेवू दे; शेवटच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. बाबा, गुडघे दुखत असताना तुम्ही रांगेत उभे राहू नका. चिमूचं बँक खातं आधारशी जोडलंय का, ते वहिनीने बँकेत जाऊन विचारावं, कारण पैसे थेट त्याच खात्यात येतात. आणि सर्टिफिकेट, आधार, पासबुक शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघायला सांगा.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन येते. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज चिमूला शेजारी बसवून भरीन, म्हणजे पुढच्या वर्षी तिचा तिला जमेल. तोवर बाबा, कोणी कागद पुढे केला तरी सही करू नका. तुमच्या वडलांनी लावलेल्या पोफळी आहेत त्या.

आई, गोळ्या वेळेवर घे.

तुमची
बाय