शाफ्टच्या पार्सलमधलं पत्र

चि. तायडीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ते बोलायला नको होतं. ‘रोबोची टीम सोड आणि गप अभ्यास कर’ असं तोंडातून गेलं, तू फोन ठेवलास. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. म्हणून लिहायला बसलोय. बॅटरीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

रोबोच्या चाकांचे चारही शाफ्ट झाले. तुझ्या ड्रॉइंगवर नुसतं १२ मिलिमीटर लिहिलं होतं. ६००१ बेअरिंगचं भोक १२ चं, बरोबर. पण शाफ्ट ११.९५ झाला तर बेअरिंग त्यावर सैल फिरणार आणि १२.०३ झाला तर तुम्ही पोरं हातोडीनं ठोकून बेअरिंग मारणार. मी मायक्रोमीटर लावून ११.९९ ला ठेवलेत, हाताच्या दाबानं बसतात. यापुढं किती सैल, किती घट्ट ते ड्रॉइंगवर लिहायचं. चाक शाफ्टला धरून ठेवणारा ग्रब स्क्रू बसतो तिथं फ्लॅट मारलाय, म्हणजे तेवढी बाजू सपाट केलीय. गोल शाफ्टवर तो कितीही आवळलास तरी जोर आला की घसरतो, मग मोटर फिरते आणि चाक जागेवर.

तू म्हणालीस, स्पर्धेत रोबो मांडायला एक मिनिट आणि सामना तीन मिनिटांचा. त्या तीन मिनिटांसाठी तुम्ही दहा जण सहा महिने राबताय, आणि एक नट ढिला पडला की संपलं. म्हणून नायलॉक नट पाठवलेत, आत नायलॉनचं कडं असलेले. आवळून झाला की प्रत्येक नटावर मार्करची रेघ मारायची, म्हणजे हलला तर लांबून कळतं. आणि ऐक, नवी टीम शेवटच्या रात्रीपर्यंत रोबो बनवतच बसते, चालवायला वेळ उरत नाही. महिनाभर आधी हात थांबवा. जो चालवणार त्याला रोज शंभर वेळा चालवू दे. प्लायवूडचं मैदान लॅबमध्ये मांडता येत नसेल तर पार्किंगमध्ये मांडा. जागरणं कमी होतील. जागरणातच माणूस चार्जर लावून झोपी जातो.

आलाच बघ विषय.

तू फोटो पाठवलास त्यात सगळ्यांना रोबो दिसला. मला मागं गादीवरचा चार्जरचा लाल दिवा दिसला आणि त्याशेजारी उशीसारखी फुगलेली बॅटरी. चौकातल्या ड्रोनवाल्या पोराला जाऊन विचारलं. तो म्हणाला, काका, बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चढवायचा नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही, ठेवून द्यायची तर ३.८ ला ठेवायची, आणि फुगली की पुन्हा चार्जिंगला लावायचीच नाही. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मग ती गादीवर का होती?

रागावू नकोस. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू चौथीत होतीस तेव्हा आपला गाळा जळाला, ते शॉर्टसर्किट नव्हतं. आण्णांनी सगळ्यांना तसं सांगितलं, माझ्यासाठी. रात्री बंद करताना ग्राइंडरखाली पुसायच्या तेलकट सुताचा, वेस्टचा बोळा राहिला होता, ठिणगी आत धुमसत राहिली. मला दिसला होता. सकाळी उचलू म्हणून शटर ओढलं. पहाटे वॉचमननं दार वाजवलं तेव्हा लेथचा रंग बुडबुडे येऊन सोलत होता. त्या रात्री गाळ्यात कुणी झोपलं नव्हतं म्हणून निभावलं. तू मात्र ती बॅटरी असते त्याच खोलीत झोपतेस.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट असेल, २०१४. आशियातली रोबोकॉन, कॉलेजच्या पोरांची रोबोंची स्पर्धा, पुण्यात होती आणि विषय होता आईबापांचा. मोठा रोबो लहान रोबोला उचलून सीसॉवर, झोक्यावर, जंगल जिमवर नेऊन ठेवायचा. आपण टीव्हीपुढं होतो, तू माझ्या मांडीवर चहात खारी बुडवत. मोठ्याला एक पोरगा चालवत होता, लहान आपला आपण चालत होता. तू विचारलंस, ‘बाबा, लहानाला कोण चालवतं?’ मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तू हॅक्सॉ ब्लेड आणि दोऱ्याचं रीळ घेऊन सीसॉ केलास, बोट कापून घेतलंस आणि आजीला सांगितलंस मांजरानं ओरबाडलं.

फाउंड्रीवाल्यांना तुझा रोबो दाखवला. ते म्हणाले, वेल्डिंग कुणाचं? मी म्हटलं, माझ्या पोरीचं. टाके थोडे जाड आहेत, हात जरा भरभर चालव, पण पोटात धरलंय. पुन्हा शिकवायला लागलो, माफ कर. टीम सोडायची नाहीस. मी तसं पुन्हा म्हणणार नाही.

पार्सलमध्ये खाली पत्र्याची पेटी आहे. आतून सिमेंट शीट लावलीय. झाकणाला मुद्दाम कडी नाही आणि वर भोकं पाडलीत, धूर कोंडला तर पेटीच फुटेल. चार्जिंग त्यातच, लॅबमध्ये फरशीवर, शेजारी वाळूची बादली, आणि कुणीतरी जागं असताना. एकाच पोराकडे हे काम दे, त्याची वही असू दे. फुगलेली आहे ती टोचू नकोस, कचऱ्यात टाकू नकोस, सरांकडे दे.

पेटी पोचली की फोटो पाठव. गादीचा पण.

तुझा,
बाबा