साहेबाला वाईट बातमी सांगणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उद्योजकांनी माणसं कशी सांभाळावीत यावर लेख आला होता, तो वाचला. व्हिजन, मोटिवेशन, टीम बिल्डिंग सगळं होतं, चुकीचं काही नव्हतं, पण सोमवारी सकाळी साडेआठला शॉपमध्ये शिरल्यावर त्यातलं नेमकं काय करायचं ते काय मला समजलं नाही. म्हणून हे पत्र. माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, पाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि बावीस माणसं, त्यामुळं मोठ्या कंपन्यांचं मला विचारू नका.

२०१४ सालची गोष्ट. एका पार्टला बोअरिंग, म्हणजे आतलं भोक मापात कापायचं काम, चाललं होतं. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजला की बोअर, म्हणजे ते भोक, बारीक यायला लागतो म्हणून ऑपरेटर ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) वाढवत नेतो, ते रोजचंच. त्या दिवशी रात्रपाळीच्या पोराने नवीन इन्सर्ट लावला आणि जुना ऑफसेट तसाच राहिला. आता नवीन इन्सर्ट आणि वर वाढवलेला ऑफसेट म्हणजे बोअर मोठा होणार हे उघड आहे, आणि बारीक बोअर परत मारता येतो पण मोठा झालेला बोअर म्हणजे सरळ भंगार. तीस-एक पीस झाल्यावर त्याने गेज लावून बघितला, नो-गो (गेजचं जे टोक आत जायला नको ते) आत गेला, म्हणजे त्याला कळलं होतं. त्याने ऑफसेट दुरुस्त केला, पुढचे पीस बरोबर काढले आणि आधीचे तीस गुपचूप चांगल्या मालात मिसळून टाकले. ते गेले कस्टमरकडे, तिथं लाईनवर बसेनात, अख्खा चारशेचा लॉट परत आला, सॉर्टिंगचा खर्च आमच्या माथी आणि वर डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद.

मी पोराला केबिनमध्ये बोलावलं, म्हटलं अरे तीस पिसांचंच नुकसान होतं, सांगितलं का नाहीस? तो काही बोलेना. मग आमचे सुपरवायझर मामा म्हणाले, साहेब, मागच्याच आठवड्यात तुम्ही शिफ्ट सुटताना त्या दुसऱ्या पोराला दोन पिसांसाठी सगळ्यांदेखत झापलंय, आता तीस कोण सांगणार तुम्हाला. खरं सांगतो, त्या पोरापेक्षा मलाच जास्त लाज वाटली.

इचलकरंजी आमच्या शेजारी, तिथल्या यंत्रमागवाल्यांना पुढची गोष्ट सांगायची गरज नाही. टोयोटाचं मूळ गाडीत नाही, मागात आहे. ज्याच्या घराण्यानं पुढं टोयोटा काढली त्या साकिची टोयोडाचा १९२४ चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळं खराब कापड विणलंच जायचं नाही आणि एक माणूस कितीतरी मागांवर लक्ष ठेवू शकायचा. त्याचं पेटंट १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकलं आणि ते पैसे त्याच्या मुलाच्या मोटारीच्या खटाटोपाला उपयोगी पडले असं सांगतात. पुढं त्यांच्या गाडीच्या कारखान्यात हीच गोष्ट दोरीच्या रूपात आली, कामगाराला काही खटकलं की तो दोरी ओढतो (आता बऱ्याच ठिकाणी बटण दाबतो), टीमचा लीडर लगेच तिथं येतो, जमलं तर लाईन थांबायच्या आत प्रश्न सुटतो, नाही सुटला तर लाईन थांबते. सगळे त्या दोरीचं कौतुक करतात पण मला वाटतं खरी गंमत लीडर तिथं *येतो* आणि ओरडत नाही यात आहे. धागा तुटला म्हणून माग थांबला तर आपण मागाला शिव्या घालतो का हो?

आमच्याकडं दोरी वगैरे काही नाही. मी एवढंच केलं की सकाळी आल्यावर केबिनमध्ये जायच्या आधी फोन गाडीतच ठेवून एक फेरी मारतो आणि प्रत्येक मशीनवर एकच विचारतो, काल काय अडलं? "सगळं ओके आहे" हे उत्तर चालत नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने सगळे ओकेच म्हणायचे. मग एकाने सांगितलं की कूलंट पंप मधेच बंद पडतोय, मी त्याच दिवशी पंप बदलला, तेव्हापासून तोंडं उघडली. म्हणजे विचारून उपयोग नाही, ऐकलेलं चोवीस तासात हललं पाहिजे, निदान का हलत नाही ते तरी त्याला जाऊन सांगितलं पाहिजे. चुकीचा पीस स्वतःहून लाल ट्रेमध्ये टाकला तर त्याबद्दल कुणाला बोलायचं नाही, लपवला तर मात्र सोडत नाही. बोलायचं झालं तर केबिनमध्ये, दार लावून. पहिल्या वर्षी कागदावरचं रिजेक्शन वाढलं, माझा मुलगा घाबरला, मी म्हटलं वाढलं नाही रे, आता दिसायला लागलंय.

पगार सात तारखेच्या आत, तो तर कायदाच आहे, त्यात कौतुक काही नाही. आमच्या बिलांचे पैसे मात्र पंचेचाळीस दिवसात येत नाहीत, कायदा असूनही, पण तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला बसलो तर आपलं पान पुरायचं नाही.

हे सगळं मला नीट जमतं असं समजू नका. डिस्पॅचच्या दिवशी माझा आवाज अजून चढतोच, मग मामा लांबूनच हात वर करून खुणावतात आणि मी बाहेर जाऊन चहा मारून येतो.

तर विनंती एवढीच, या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा एखाद्या ट्रेनरऐवजी पंचवीस-तीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेल्या सुपरवायझरला लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर कुणीतरी जाऊन त्याच्याशी बोला. आमचे मामा तयार आहेत, फक्त महिनाअखेर सोडून या.

आपला,
एक लघुउद्योजक वाचक, शिरोली, जि. कोल्हापूर