काका, ती अडकलेली फाइल पोचली

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

रविवारी रात्री अडकलेल्या फाइलचा "निकाल काय लागला तेवढं कळव," एवढंच तुम्ही मागितलं होतं. मी मात्र हिंजवडीहून सकाळी घरी आलो आणि बूटही न काढता आडवा झालो. आता नुसता फोन करून भागणार नाही. हे उघडं पत्र लिहितोय, म्हणजे त्या रात्री कॉलवर गप्प बसलेले बाकीचेही वाचतील.

रविवारची रात्र, अडीच वाजलेले. एका डेटा सेंटरमधल्या मेनफ्रेमवरून (मोठ्या मध्यवर्ती संगणकावरून) दुसऱ्या शहरातल्या मेनफ्रेमवर रोज जाणारी मोठी फाइल एफटीपीत, म्हणजे फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलमध्ये, अडकली होती. लॉगिन होतंय, डेटा कनेक्शन उघडतंय, पुढे शून्य बाइट. दहा ओळींची चाचणी फाइल मात्र झटक्यात पोचत होती, त्यामुळे "नेटवर्क ठीक आहे" यावर सगळ्यांचं एकमत. मग संशय डेटासेटवर (मेनफ्रेमवरच्या मूळ फाइलवर), डिस्कवर, समोरच्या ऑपरेटरवर. मी तीनदा जॉब, म्हणजे फाइल पाठवायचं काम, रद्द करून पुन्हा सोडला होता. त्यावर तुम्ही सांगलीहून, झोपेतल्या आवाजात म्हणालात, "रद्द करू नकोस रे. माणूस गेल्यावर नाडी कोण बघतं?"

आणि मग तो प्रश्न: "थांबलंय म्हणजे कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय. कोण कोणाची?"

खरं सांगतो, मला राग आला होता. मला कमांड हवी होती, कोडं नको होतं. पण चौथ्यांदा अडकलेल्या जॉबला हात न लावता नेटस्टॅट ऑल, म्हणजे कनेक्शनांची सगळी माहिती दाखवणारी कमांड, काढलं. स्थिती 'एस्टॅब्लिश', म्हणजे वरवर सगळं आलबेल. तुम्ही म्हणालात ती ओळ सोड, खालचे आकडे वाच. समोरच्याची विंडो, म्हणजे डेटा घ्यायला उरलेली जागा, शून्य असती तर तो म्हणतोय 'थांब, माझं ताट भरलंय', मग शोध तिकडे. ती तर चांगली उघडी होती. आपले रीट्रान्समिट, म्हणजे तेच पुन्हा पाठवणं, मात्र वाढत होते. म्हणजे तो जेवायला बसलाय, आपण वाढतोय, आणि ताटात काही पडतच नाहीये. एसएनएच्या, म्हणजे आयबीएमच्या जुन्या नेटवर्क पद्धतीच्या, दिवसांत पेसिंगचा ('आता पुढचं पाठव' असा) प्रतिसाद हरवला की सेशन असंच लटकायचं, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. मला ते तेव्हा नीट कळलं नाही, घरी येऊन वाचलं.

दोन्ही टोकांना पॅकेट ट्रेस (येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नोंद) लावला. आमच्याकडून तोच सिक्वेन्स नंबर (डेटाच्या तुकड्याचा क्रमांक) पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ थांबून. पलीकडच्या ट्रेसमध्ये त्याचा पत्ताच नाही. लहान पॅकेटं पोचत होती, १५०० बाइटची भरलेली तेवढी गायब. तुकडे न करण्याची खूण लावून पिंग केलं, म्हणजे 'पोचतंय का' विचारणारं चाचणीचं पॅकेट पाठवलं: १४७२ बाइटला उत्तर नाही, १३७२ ला लगेच आलं. (१४७२ मध्ये आयपीच्या वेष्टणाचे २० आणि आयसीएमपीच्या, म्हणजे पिंगसारखे नेटवर्कचे निरोप नेणाऱ्या प्रोटोकॉलच्या, वेष्टणाचे ८ मिळवले की १५०० होतात, हे तुम्ही माझ्याकडून तोंडी करून घेतलंत. पहाटे साडेतीनला!)

मग उलगडलं. त्याच दुपारी दोन सेंटरांमधली वाट आयपीसेक टनेलवर, म्हणजे पॅकेट गुप्त करून नेणाऱ्या वाटेवर, नेली होती. टनेलचं स्वतःचं वेष्टण आलं की मूळ पॅकेटला जागा कमी उरते. अशा वेळी मधला राउटर 'मोठं आहे, लहान करून पाठव' असा आयसीएमपी निरोप धाडतो. पाथ एमटीयू, म्हणजे त्या वाटेवर मावणारं सर्वात मोठं पॅकेट, शोधण्याची ही पद्धत १९९० पासून आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहून ठेवलेली आहे. पण आमच्या फायरवॉलवर कुणीतरी 'आयसीएमपी म्हणजे फक्त पिंग' असं धरून पिंग तेवढं सोडलेलं, बाकी आयसीएमपीला सरसकट दार लावलेलं. निरोप्या दाराबाहेर, आणि आम्ही आत तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतोय.

सर्वात मोठे आभार मात्र पुढच्या पाच मिनिटांसाठी. त्या मार्गाचा एमटीयू तात्पुरता १४०० करायला मी ओबेफाइल, म्हणजे चालू नेटवर्कची मांडणी बदलणारी फाइल, लिहिली. तुम्ही ती मला मोठ्यानं वाचायला लावलीत. बिगिनराउट्समध्ये, म्हणजे त्या फाइलमधल्या मार्गांच्या यादीत, मी एकच मार्ग लिहिला होता. ती यादी जुन्या सगळ्या स्थिर (हातानं लिहिलेल्या) मार्गांची जागा घेते. म्हणजे एक फाइल सोडवायला जाऊन मी अख्ख्या सिस्टिमचे रस्ते पुसले असते. तुम्ही ओरडला नाहीत. "बाकीचे मार्ग कुठायत?" एवढंच विचारलंत. माझ्या हातापायांना घाम फुटला होता, तो फोनवरून तुम्हाला दिसला नसेल ते बरंच.

सगळे मार्ग लिहून फाइल दिली, जॉब नव्यानं सोडला, आणि बाइट धावायला लागले. पाच वाजता फाइल पोचली. नंतर नेटवर्कवाल्यांनी फायरवॉलवर तेवढा एक निरोप मोकळा केला. आता एमटीयू परत १५०० वर आहे आणि फाइल रोज जाते.

निवृत्त माणसाला अडीच वाजता उठवल्याबद्दल काकूंची माफी मागतो. पुढच्या महिन्यात सांगलीला येतोय. भडंग मी घेणार, तुम्ही पैसे काढायचे नाहीत.

आपला,
रात्रपाळीवाला

ता. क. दुसऱ्या एका सिस्टिमकडचं कनेक्शन रात्रभर गप्प असतं आणि सकाळचा पहिलाच संदेश लटकतो. आमचा कीपअलाइव्ह, म्हणजे गप्प कनेक्शनवर 'आहेस का' विचारणारा निरोप, दोन तासांचा, आणि मधली फायरवॉल गप्प कनेक्शन तासाभरात विसरते. उद्या दुपारी, जेवणानंतर, फोन करू का? अजून काहीही रद्द केलेलं नाही.