व्रतस्थांच्या घरात साथ शिरते कुठून?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोविडच्या काळात जगभरातल्या कॅथलिक मठांतून ज्या बातम्या आल्या, त्या बहुतेक श्रद्धांजलीच्या रूपात छापल्या गेल्या. किती सिस्टर (म्हणजे मठातल्या व्रतस्थ स्त्रिया, नन) गेल्या, त्यांनी किती वर्षं शिकवलं, किती रुग्णांची शुश्रूषा केली. ते सगळं खरंच होतं. पण एका घरातल्या इतक्या जणी एकाच वेळी का गेल्या, हा प्रश्न त्या मायेच्या शब्दांखाली दबून गेला. वृद्ध सिस्टर आणि निवृत्त धर्मगुरू राहतात अशी घरं वसई, मुंबई, पुणे, गोवा इथेही आहेत. त्यांच्यासाठी हा प्रश्न जुना झालेला नाही, म्हणून हे पत्र.

मार्च २०२० मध्ये रोमजवळच्या ग्रोत्ताफेर्राता इथल्या आणि खुद्द रोममधल्या एका, अशा दोन मठांत मिळून ५९ सिस्टर बाधित निघाल्या. त्यांतला ग्रोत्ताफेर्राताचा मठ संत कामिलस यांच्या कन्यांचा. जिवाला धोका असला तरी आजाऱ्याची सेवा सोडणार नाही, असं नेहमीच्या तीन व्रतांपलीकडचं चौथं व्रत घेणारी ही परंपरा. त्याच महिन्यात इटलीतल्याच पार्मा इथल्या झेवेरियन मिशनऱ्यांच्या मूळ मठात दहाहून जास्त वृद्ध धर्मगुरू गेले. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या लिव्होनियाच्या फेलिशियन सिस्टरांचं पहिलं मरण १० एप्रिल २०२० ला, गुड फ्रायडेच्या दिवशी झालं. त्यानंतर महिनाभरात बारा सिस्टर गेल्या आणि जूनअखेर तेरावी. सगळ्यात लहान सिस्टर ६९ वर्षांची, सगळ्यात मोठी ९९. सप्टेंबर २०२१ मध्ये फिलिपिन्समधल्या क्वेझोन सिटीत रिलिजियस ऑफ द व्हर्जिन मेरी या संघाच्या मठात सिस्टर आणि कर्मचारी मिळून शंभराच्या वर लोक बाधित झाले. देश वेगळे, हवामान वेगळं, संघ वेगळे. घरांची रचना मात्र सगळीकडे एकच.

ही रचना नीट समजून घ्यायला एक जुना अभ्यास उपयोगी पडतो. स्मृतिभ्रंशावर संशोधन करणाऱ्या डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ पासून अमेरिकेतल्या स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संघाच्या ६७८ सिस्टरांचा अभ्यास केला. सिस्टरच का? तर त्यांचं जेवण एक, निवास एक, दिनक्रम एक, व्यसन नाही आणि नोंदी व्यवस्थित. संशोधकाला जी एकसारखी राहणी सोयीची वाटली, तीच विषाणूलाही सोयीची. याच संघाच्या विस्कॉन्सिनमधल्या एल्म ग्रोव्ह इथल्या निवासात साथीचे पहिले नऊ महिने एकही रुग्ण नव्हता. नोव्हेंबर २०२० च्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी पहिली सिस्टर बाधित असल्याचं कळलं आणि डिसेंबरमध्ये आठवडाभरात आठ जणी गेल्या, त्यांतल्या चार एकाच दिवशी. नऊ महिने दार नीट सांभाळलं होतं, पण आत शिरल्यावर विषाणूला थांबवेल असं घरात काहीच नव्हतं. आमचं म्हणणं एवढंच आहे: दारावरचा पहारा लागतोच, पण घराच्या आतले रस्ते आधी तोडावे लागतात. हे रस्ते तीन आहेत. प्रार्थनेचं दालन, जेवणाचं टेबल आणि कामाला येणारी माणसं.

प्रार्थनेपासून सुरुवात करू. मठात दिवसातून चार-पाच वेळा स्तोत्रं म्हटली जातात. दोन रांगा समोरासमोर, एक कडवं या बाजूने, एक त्या बाजूने, मोठ्या आवाजात. गाण्याने किती पसरतं, हे १० मार्च २०२० च्या एका सरावाने दाखवून दिलं. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातलं हे गायकवृंद कॅथलिक नव्हतं, पण धडा तोच. ६१ जण अडीच तास गायले, ५३ आजारी पडले, दोघे दगावले. म्हणून साथीत समोरासमोरच्या रांगा मोडाव्यात, सगळ्यांची तोंडं वेदीकडे करावीत, दोघींत सहा फूट अंतर ठेवावं. गायन बंद, स्तोत्र एकीने म्हणावं आणि बाकीच्यांनी मनात. प्रार्थनेनंतर खिडक्या आणि दारं उघडी ठेवून खोली किमान अर्धा तास रिकामी सोडावी. इटलीत आणि अमेरिकेत थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. आपल्याकडे हेच काम जुलैचा पाऊस करतो. झड आत येते म्हणून वाऱ्याच्या बाजूची झडप लावली जाते, पंखा तीच हवा फिरवत राहतो. उलट्या बाजूची खिडकी उघडी ठेवून तिथे बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवला तर हा प्रश्न थोड्या खर्चात सुटतो. एसी हा त्यावरचा उपाय नाही. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही.

जेवणाच्या टेबलावर मास्क उतरतो आणि गप्पा होतात, म्हणून ती जागा प्रार्थनेपेक्षाही धोक्याची. दोन पंगती कराव्यात, मधे अर्धा तास. टेबलाच्या एकाच बाजूला बसावं. वाढण्याचा डाव हातोहात फिरू नये, एकीनेच मास्क लावून वाढावं. ज्येष्ठ सिस्टरांना हे सगळ्यात जड जातं, कारण एकत्र जेवण हा त्यांच्या व्रतस्थ जीवनाचाच भाग आहे. कारण नीट सांगितलं की त्या ऐकतात. नुसता नियम चिकटवला की चौथ्या दिवशी खुर्च्या पुन्हा जवळ येतात.

मास्कची एक बारीक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. शिरोवस्त्र असलेल्या सिस्टरांना कानात अडकवायचा मास्क बसत नाही. दोरी कापडावरून सरकते, मास्क नाकाखाली येतो, आणि श्रवणयंत्र असेल तर तेही निघून येतं. त्यांच्यासाठी डोक्यामागे बांधायच्या दोन पट्ट्यांचा मास्क घ्यावा आणि तो शिरोवस्त्राच्या आतून बांधावा.

आता मदतनीस. लिव्होनियात मठात काम करणाऱ्या दोघी मदतनीस बाधित असल्याचं आधी कळलं होतं. त्या कोण, हे तिथल्या सिस्टरांनी विचारायचंही नाही असं ठरवलं. ही निव्वळ क्षमा नाही, ते शहाणपणही आहे. ज्या घरात दोष शोधला जातो त्या घरात ताप लपवला जातो. आपल्याकडच्या आया, स्वयंपाकाच्या बाया आणि रात्रपाळीच्या परिचारिका अनेकदा दोन-तीन ठिकाणी कामं करतात, कारण एका पगारात भागत नाही. ताप आला तर घरी राहा, पगार कापणार नाही, हे लेखी दिलं तरच त्या खरं सांगतील. साथीच्या काळात त्यांना एकाच घरी बांधून घ्यायचं तर दुसऱ्या घरचा बुडणारा पगारही आपणच भरायला हवा. आमच्या मते सॅनिटायझरच्या डब्यांपेक्षा हा खर्च आधी करावा.

आजार ओळखण्यात एक मोठी चूक होते. ऐंशीच्या पुढच्या माणसाला ताप येईलच असं नाही. एकदम गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण टाकणं, दोनदा पडणं, दिवसभर झोप ही पहिली लक्षणं असू शकतात. त्यात सिस्टर तक्रार करत नाहीत. दुखणं प्रभूला अर्पण करायची आयुष्यभराची सवय असते. म्हणून 'बरं वाटतंय का?' या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नये. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, ऑक्सिमीटरचं वाचन वहीत लिहावं. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करावं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं. ९४ च्या खाली गेलं की डॉक्टरांना फोन, संध्याकाळची वाट पाहू नये. बसल्या जागी ९६ असेल आणि थोडं चालल्यावर तीन-चार अंकांनी उतरत असेल, तरी तोच नियम.

ऑक्सिजनचा हिशेब कागदावर मांडून ठेवावा. बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला ५ लिटर दिला तर तो पाच तास पुरतो. डी-टाइप, म्हणजे जम्बोत, सुमारे ७००० लिटर. त्याच प्रमाणात तेवीस तास. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) विजेवर चालतो, म्हणून वीज जाणाऱ्या भागात त्याच्या शेजारी भरलेला बी-टाइप हवाच. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, रोज बदललेलं. आणि एक सूचना दारावरच लावावी: या खोलीत मेणबत्ती नाही. आजारी सिस्टरच्या उशाशी मरियामातेची मूर्ती आणि समोर तेवती वात हे आपल्या घरांतलं नेहमीचं चित्र आहे. ऑक्सिजन चालू असताना चादरीला ठिणगी लागली तर ती विझवायला वेळ मिळत नाही. विजेवरचा छोटा दिवा ठेवावा. सिलिंडरच्या झडपेला तेलाचा किंवा क्रीमचा हातही लावू नये. तसाच धोका वेदीपाशी. अल्कोहोलचं सॅनिटायझर चोळून लगेच मेणबत्ती पेटवायला जाऊ नये, हात पूर्ण कोरडे होऊ द्यावेत.

फरशी आणि कड्या पुसायला बाजारात मिळणारं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून एक लिटर द्रावण करावं. रोज नवं बनवावं, कारण उघडं राहिलं की त्याचा जोर उतरतो. संडास साफ करायच्या आम्लात ते कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो.

संस्कारांबाबत अनेकांचा समज आहे की जुन्या पद्धतीत बदल करणं म्हणजे श्रद्धेत तडजोड. धर्मसभेने तसं कधीच मानलं नाही. आजाऱ्यांच्या अभ्यंगात (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्कारात) तेल हाताने लावावं, पण गंभीर कारण असल्यास साधन वापरता येतं, असं कॅनन कायद्याच्या, म्हणजे धर्मसभेच्या कायद्याच्या, कलम १००० मध्ये साथीच्या कितीतरी आधीपासून आहे. कापसाची काडी घ्यावी, एकदाच बुडवावी. तीच काडी पुन्हा तेलाच्या डबीत गेली की सगळी डबी दूषित. लागेल तेवढंच तेल वेगळ्या वाटीत काढून न्यावं आणि काडी नंतर जाळावी. मार्च २०२० च्या व्हॅटिकनच्या आदेशाने पवित्र गुरुवारचा (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा) पाय धुण्याचा विधी वगळायला सांगितला होता. जानेवारी २०२१ मध्ये भस्म बुधवारासाठी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसासाठी) सूचना आली: राख लावतानाचं वाक्य सगळ्यांसाठी एकदाच म्हणावं, मग हात स्वच्छ करून, मास्क लावून, न बोलता डोक्यावर राख टाकावी. मिस्सात (प्रभुभोजनाच्या उपासनेत) सहधर्मगुरू असतील तर द्राक्षरसाचा प्याला ओठोओठी फिरवू नये, भाकर रसात बुडवून घ्यावी आणि प्याला शेवटच्याने संपवावा.

मृत्यूनंतरचा गोंधळ आपल्याकडे सगळ्यात जास्त झाला आणि तो टाळता आला असता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांत धर्मग्रंथाचं वाचन आणि पवित्र पाणी शिंपडणं यांना परवानगी होती, फक्त देहाला स्पर्श नको. दफनालाही बंदी नव्हती. वांद्र्याच्या दफनभूमींचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २२ मे २०२० च्या निकालात न्यायालयाने दफनाची परवानगी कायम ठेवली. केरळात अडचण वेगळी होती. आलप्पुळात खोल खणलं की पाणी लागतं. तिथल्या धर्मप्रांताने जुलै २०२० मध्ये दहनाला मान्यता दिली आणि अस्थी चर्चच्या दफनभूमीत पुरल्या. कॅथलिकांना दहन १९६३ पासून चालतं. रक्षा मात्र विखरायची नाही, घरीही ठेवायची नाही, पवित्र जागेत ठेवायची. वसईच्या किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांनी (एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजांनी) पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीचा विचार करून हा निर्णय आधीच घेऊन ठेवावा. दुःखातल्या कुटुंबाला तो त्या रात्री घ्यायला लावू नये.

पैशांचंही एक ओझं असतं. फ्रान्समधल्या सीतो मठाचे संन्यासी चीज विकून राहतात. हॉटेलं बंद पडल्यावर २०२१ च्या सुरुवातीला त्यांच्याकडे २.८ टन चीज पडून होतं आणि ते ऑनलाइन विकावं लागलं. आपल्याकडची अनेक घरं शाळेच्या पगारावर आणि देणग्यांवर चालतात. तीन महिन्यांचा औषध आणि वेतन निधी बाजूला असावा.

शेवटची गोष्ट कागदांची. सिस्टरचं बाप्तिस्म्याचं नाव एक, संघातलं नाव दुसरं. आधारवर एक, बँकेत दुसरं, दवाखान्याच्या केसपेपरवर तिसरंच. लसीच्या वेळी नोंदणीचं सरकारी पोर्टल नाव जुळवू शकत नव्हतं आणि अंथरुणावरची माणसं मागे राहत होती. ६ मे २०२१ ला केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी पद्धत आणली. तिच्यात सर्व धर्मांचे साधुसंत आणि वृद्धाश्रमवासी यांचा स्पष्ट उल्लेख होता. पण त्यासाठी अशी माणसं कुठे राहतात हे जिल्हा यंत्रणेला माहीत असायला हवं. मठ वृद्धाश्रम म्हणून नोंदलेला नसतो, रुग्णालय म्हणूनही नसतो, म्हणून तो कुठल्याच यादीत येत नाही. महापालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी अशा घरांची वेगळी नोंद ठेवावी, ही आमची मागणी आहे. प्रत्येक घराने एक पानी तक्ता करावा: दोन्ही नावं, आधारवरचं नाव, जन्मवर्ष, आजार, चालू औषधं, अंथरुणावर आहे की चालती-फिरती, आणि नातेवाइकांचा फोन. एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात. सिस्टरांच्या बदल्या साधारणपणे मे-जूनमध्ये होतात, तक्ता त्याच आठवड्यात नवा करावा.

आपल्या,
वृद्ध व्रतस्थांच्या शुश्रूषेत असलेल्या काही परिचारिका, वसई